कलम फॉन्ट: बरणीच्या लेबलला एक नंबर, लग्नपत्रिकेला मात्र नको रे बाबा

मिरजेच्या मावशीच्या लोणच्याच्या बरण्यांना लेबल करून दिलं तेव्हा ती चष्मा लावून पाच मिनिटं नुसती बघत बसली आणि मग म्हणाली, "अक्षर कुणाचं गं हे? तुझं तर नाही, तुझं म्हणजे कोंबडीचे पाय." म्हटलं मावशी, कुणाचंच नाही, फॉन्ट आहे तो, कलम नावाचा. तर म्हणे, "असू दे, पण बाईचं वाटतंय. शिकलेल्या."

आता गंमत बघा. हा फॉन्ट केलाय लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न या दोघांनी, म्हणजे मावशीचा अंदाज अगदीच काही हुकला नाही, आणि अक्षरं काढणाऱ्या बाईचं नावच लिपी असावं याला काय म्हणायचं. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीनं २०१४ मध्ये तो बाहेर काढला, गुगल फॉन्ट्सवर फुकट आहे, लाइट रेग्युलर आणि बोल्ड अशी तीनच वजनं (म्हणजे रेघेच्या जाड्या), देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्या एकाच फाइलमध्ये. तुम्ही नावानं ओळखत नसाल तरी शंभर टक्के पाहिलेला आहे. सकाळी व्हॉट्सॅपवर गुलाबाच्या फुलाशेजारी "माणसं जपा" वगैरे जे लिहून येतं त्यातलं बरंच याच अक्षरात असतं.

मी सांगलीत घरूनच डिझाइनची कामं करते. लेबलं, मेनूकार्ड, डोहाळेजेवणाची आमंत्रणं, शाळेची सर्टिफिकिटं, क्लासेसची पँफ्लेट, जे येईल ते. कलम मी इतक्या ठिकाणी लावलाय आणि इतक्या ठिकाणी लावून पस्तावलेय की म्हटलं एकदा बसून लिहूनच टाकू, कारण ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच "ताई हातानं लिहिल्यासारखा मराठी फॉन्ट सुचवा ना" आणि खाली वीस जण कलम कलम कलम लिहून मोकळे होतात. कशासाठी पाहिजे हे कुणी विचारतच नाही.

हातानं लिहिल्यासारखं म्हणजे नक्की कुणाच्या हातानं हा प्रश्न आधी. बोरूनं किंवा कटनिबनं सुलेखन करणारा जो हात असतो, जाड बारीक जाड बारीक रेघ, एक एक वळण तोलून काढलेलं, तो वेगळा. ब्रशनं पाटी रंगवणाऱ्या पेंटरचा वेगळा. आणि बँकेच्या स्लिपवर, वहीच्या मागच्या पानावर, फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर आपण जे लिहितो तो हात तिसराच. कलम हा तिसरा हात आहे. नाव जरी कलम असलं तरी टाक दौत बोरू यातलं काही डोळ्यासमोर आणू नका, हे बॉलपेननं नाहीतर स्केचपेननं लिहिलेलं अक्षर आहे, रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास एकच, टोकं गोलसर, आणि सगळी अक्षरं उजवीकडे झुकलेली, चांगलीच झुकलेली. आणि यातली खरी मेख आहे ती शिरोरेषेत.

कलममध्ये शब्दाची शिरोरेषा सलग नाही. प्रत्येक अक्षराला आपापली छोटी रेघ आणि दोन अक्षरांच्या रेघांमध्ये फट. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं माझ्या मशीनवर फॉन्ट नीट लोड झालेला नाही, दोनदा काढून टाकला आणि परत टाकला. मग लक्षात आलं हे मुद्दाम केलेलं आहे. आणि खरं सांगा, रोजच्या लिहिण्यात आपण शिरोरेषा ओढतो तरी का? चौथीपर्यंत बाई पट्टी घेऊन उभ्या असायच्या म्हणून शब्द पुरा झाला की वरून सळकन एक रेघ मारायचो, कॉलेजात गेलो आणि नोट्स उतरवायची घाई लागली की पहिली गेली ती शिरोरेषाच. अर्धवट राहते, तुटते, काही अक्षरांवर असते काहींवर नसते. मोडी लिपीत तर उलटाच कारभार, आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, शब्दांत जागाबिगा सोडायची भानगडच नाही. कलमनं ही घाईतली तुटक रेघ पकडलीय आणि म्हणून ते अक्षर कुणाचं तरी वाटतं. मावशीला जे वाटलं ते यामुळे, माझी खात्री आहे.

इंग्रजी स्क्रिप्ट फॉन्टमध्ये अक्षरं खालून एकमेकांचा हात धरून चालतात, त्यातच त्यांची सगळी सजावट असते, लांब शेपट्या, वेटोळी. आपल्याकडे जोडायचं काम वरची रेघ करते, त्यामुळे देवनागरीत "स्क्रिप्ट फॉन्ट" करायचा म्हणजे त्या रेघेचं काय करायचं हे आधी ठरवावं लागतं. बऱ्याच ठिकाणी ठरवलेलंच नसतं. नेहमीचा उभा फॉन्ट घेतात, थोडा तिरका करतात, टोकाला एक गाठ मारतात आणि म्हणतात घ्या कॅलिग्राफी.

आता मावशीच्या लेबलकडे येते, कारण याच्यात मला कलमचा खरा फायदा कळला. बरणीचं झाकण गोल. त्यावर कडेनं गोल फिरत "मावशीचं कैरीचं लोणचं" असं लिहायचं होतं. आधी मी नेहमीच्या जाड फॉन्टमध्ये केलं, तर शब्द गोलावर बसवला की सॉफ्टवेअर काय करतं, प्रत्येक अक्षर तसंच्या तसं ताठ उचलून थोडं फिरवून ठेवतं, अक्षर काही वाकत नाही. मग वरची सरळ रेघ आणि शेजारच्या अक्षराची सरळ रेघ यांच्यात कोपरा पडतो. गोल शिरोरेषा व्हायच्या ऐवजी षटकोनी अष्टकोनी काहीतरी होतं, जवळून बघितलं की सांध्यावर टोकं निघालेली दिसतात. मी एक अख्खी संध्याकाळ ते कोपरे घासत बसले होते, हातानं नोड, म्हणजे रेघेवरचे ठिपके, ओढून ओढून. मग सहज कलम लावला आणि प्रश्नच मिटला. रेघ मुळात तुटकच असल्यामुळे ती वळताना कोपरा पडायला जागाच नाही, डोळा समजून घेतो. झाकणावर, रबरी शिक्क्यावर, गोल स्टिकरवर, कपाच्या कडेवर असं कुठेही वळणावर मराठी लिहायचं असेल तर हा फॉन्ट डोळे झाकून घ्या.

असाच दुसरा फायदा म्हणजे अक्षरांमधलं अंतर वाढवता येतं. सलग रेघेच्या फॉन्टमध्ये स्पेसिंग जरा वाढवलं की शिरोरेषेला भोकं पडतात आणि ते चुकलंय हे शेंबड्या पोरालाही दिसतं. इथे भोकं आधीपासूनच आहेत म्हणून थोडं मोकळं केलं तर खपून जातं. थोडंच हं. जास्त ताणलं तर शब्दाची अक्षरं रस्त्यावर सांडलेल्या शेंगदाण्यासारखी दिसायला लागतात आणि कुठला शब्द कुठे संपला कळत नाही.

लेबलच्या पुढच्या बाजूचं सगळं कलममध्ये केलं, फक्त "लोणचं" मधला ल मी कर्व्ह करून, म्हणजे टाइप केलेल्या अक्षराची नुसती आकृती करून, हातानं मोठा केला, पाकळी जरा फुगवली आणि बाहेर काढली, कारण बरणी दुकानाच्या फळीवर पाच फुटांवरून दिसते आणि तिथे एक तरी अक्षर ओळखीचा चेहरा म्हणून लागतं. मागच्या बाजूला मात्र साहित्य, वजन, तारीख, तो १४ आकडी एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा नंबर, हे सगळं मुक्ता नावाच्या साध्या उभ्या फॉन्टमध्ये. मावशी म्हणाली "मागं पण तेच अक्षर ठेव की." नाही ठेवलं. तिरक्या अक्षरात इतका बारीक मजकूर वाचणाऱ्याचा जीव जातो आणि दोन्हीकडे हस्ताक्षर असलं की पुढच्याची मजा जाते. शिवाय लाइट वजन मरून रंगावर पांढऱ्यात छापून बघितलं होतं, लहान साइझला शाई आत शिरली आणि मात्रा वेलांट्या भरून गेल्या. लाइट हा स्क्रीनवर गोड दिसतो, छापताना गडद पार्श्वभूमीवर तरी रेग्युलरच्या खाली जाऊ नका.

जोडाक्षरांची परीक्षा मी कुठल्याही फॉन्टची घेते. माझा ठरलेला पेपर आहे: कुऱ्हाड, दऱ्याखोऱ्या, विठ्ठल, ज्ञानेश्वर, उद्घाटन, कृपा, आश्चर्य, मिष्टान्न. यात कुऱ्हाडीतला तो अर्धा र सगळ्यात जास्त फॉन्टना पाडतो कारण हिंदीत त्याचं काम पडत नाही आणि फॉन्ट करणाऱ्याच्या डोक्यात मराठी नसली की तो राहून जातो. कलम माझ्याकडे पास झाला. एका वजनात हजाराच्या वर ग्लिफ, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या, आहेत त्यामुळे बहुतेक जोडाक्षरं तयारच असतात, फॉन्ट मध्येच पाय मोडून हलन्त दाखवत नाही. आता तुमच्याकडे पाय मोडका दिसत असेल तर दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा असतो. जुन्या फोटोशॉपमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये जाऊन वर्ल्ड रेडी लेआउट चालू करा, जुनं कोरलड्रॉ असेल तर मात्र देवाचं नाव घ्या.

आता रडगाणं.

पहिलं म्हणजे लग्नपत्रिका. तासगावकडचे एक काका, मुलीचं लग्न, म्हणाले "ताई काहीतरी वेगळं करा, ते नेहमीचं नको." मी उत्साहात अख्खी पत्रिका कलममध्ये केली, वर गणपती रेषेतला, खाली "आमचे येथे श्रीकृपेकरून" पासून "आहेर आणू नये" पर्यंत सगळं हस्ताक्षरात, पार्श्वभूमीला हातकागदाचा पोत. मला तर जाम आवडलं होतं. काकांनी हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि हळूच म्हणाले, "छान आहे हो, पण वाण्याच्या यादीसारखं दिसतंय." तेव्हा राग आला होता, आज वाटतं माणूस बरोबर बोलला. चि. सौ. कां. आणि त्यापुढे मुलीचं नाव, यात एक सोहळा असतो, तिथे तोललेलं अक्षर लागतं, जाड बारीक असलेलं, ज्याच्यावर कुणीतरी वेळ घालवलाय असं दिसणारं. कलमचं अक्षर घाईतलं आहे, तीच त्याची गोडी आहे आणि इथे तेच आडवं येतं. शेवटी दोन नावं मी एका सुलेखनवाल्या मैत्रिणीकडून कागदावर लिहून घेतली, स्कॅन केली आणि बाकी मजकूर साध्या उभ्या फॉन्टमध्ये टाकला. काका खूश. कलम त्या पत्रिकेत एकाच ठिकाणी राहिला, तळाला भाचरांच्या तोंडचं "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" असतं ना तिथे. आणि तिथे तो इतका फिट बसला की बस.

तर जिथे कुणीतरी बोलतंय तिथे कलम लावायचा, जिथे काहीतरी मिरवायचंय तिथे नाही, एवढं मी तेव्हापासून डोक्यात ठेवलंय. चित्रकथेतला फुगा, मेनूकार्डावर पदार्थाच्या शेजारी "हा तिखट आहे बरं का", तक्त्यावर बाण काढून बाजूला केलेली नोंद, गिफ्टच्या चिठ्ठीवरचा निरोप, मुलांच्या पुस्तकातली डायरीची पानं. हे सगळं बोलणं आहे. सर्टिफिकिट, मानपत्र, निमंत्रणाचं शीर्षक, मंडळाच्या फ्लेक्सवरचं अध्यक्षांचं नाव हे बोलणं नाही. (फ्लेक्सवर तर लावूच नका, दहा फुटांवर त्या फटी इतक्या मोठ्या दिसतात की अध्यक्षांचे दात पडल्यासारखे वाटतात.)

दुसरी गोष्ट दुकानाच्या पाटीची. २०२२ मध्ये कायदा बदलला आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाहीत असं झालं, मग २०२३ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि तेव्हा जी झुंबड उडाली ती विचारू नका. आमच्याकडे सुद्धा कामं आली. ज्यांचा इंग्रजी लोगो ब्रशच्या वळणदार अक्षरात होता ते सगळे म्हणायचे याला मॅचिंग मराठी द्या. एका कॅफेला मी कलम बोल्ड दिला. लोगो म्हणून स्क्रीनवर बरा दिसत होता, इंग्रजी आणि मराठी दोन्ही तिरके, दोन्ही गोल टोकांचे. पण पाटी होती ॲक्रिलिक कापून भिंतीवर लावायची. पाटीवाल्यानं फाइल उघडली आणि मला फोन. "मॅडम, याला धरायला काठीच नाय."

मला आधी कळेचना कसली काठी. मग त्यानं समजावलं. नेहमीच्या मराठी फॉन्टमध्ये शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात कापून निघतो, उचलला, लेव्हल लावली, चिकटवला, झालं. कलममध्ये प्रत्येक अक्षर सुटं. म्हणजे पाच अक्षरी शब्दाचे पाच तुकडे, वर अनुस्वाराचा ठिपका वेगळा, आणि प्रत्येक तुकडा त्याच तिरकेपणात, त्याच उंचीवर, तेवढीच फट ठेवून लावायचा. त्याला आधी कागदाचा फर्मा काढून भिंतीला चिकटवावा लागला आणि मग त्यावर एक एक अक्षर. मजुरी जास्त घेतली त्यानं आणि बरोबरच घेतली. एक र किंचित वाकडा लागलाय, अजून आहे तसाच, मी तिथे कॉफी प्यायला गेले की त्याच्याकडे बघायचं टाळते. कट करून लावायचं काम असेल, लेझरची नेमप्लेट असेल तर कलममध्ये खालून किंवा मागून एक पट्टी द्या नाहीतर सरळ दुसरा फॉन्ट घ्या.

तिसरा घोटाळा अर्धा माझा अर्धा छापखान्याचा. फाइल पाठवताना मी फॉन्ट कर्व्ह करायला विसरले. छापखान्यातल्या मशीनवर कलम नव्हता, तिथल्या सॉफ्टवेअरनं जो सापडला तो फॉन्ट लावला आणि पोरानं काही न विचारता पाचशे कार्डं मारली. माझं गोड हस्ताक्षर जाऊन सरकारी नोटिशीसारखं काहीतरी आलं आणि "श्री" चा पाय मोडून श् री. डोहाळेजेवणाचं आमंत्रण होतं ते. पैसे निम्मे निम्मे वाटून घेतले, पण तेव्हापासून माझ्या मॉनिटरला चिठ्ठी चिकटवलीय "कर्व्ह केलं का?" आणि ती माझ्या स्वतःच्या कोंबडीच्या पायांत आहे.

अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. हस्ताक्षराचा फॉन्ट पकडला जातो तो एकच अक्षर दोनदा आलं की. "मामा" लिहा, "दादा" लिहा, दोन्ही म अगदी हुबेहूब, दोन्ही द हुबेहूब. माणसाच्या हातून असं जन्मात होत नाही. लहान मजकुरात कळत नाही पण शीर्षकात दोन म शेजारी शेजारी उभे राहिले की भांडं फुटतं. उपाय सोपा आहे. मजकूर कर्व्ह करा, दुसरा म पकडा, जरासा लहान करा, अर्धा अंश फिरवा, काना थोडा लांबवा. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यानं जो फरक पडतो तो बघाच. पण आधी कर्व्ह न केलेली मूळ फाइल सेव्ह करून ठेवा, नंतर गिऱ्हाईक "मामा" चं "काका" करायला सांगतं आणि मग परत पहिल्यापासून.

आणि कृपा करून त्यावर इटॅलिकचं बटण दाबू नका. कलम आधीच तिरका आहे, वेगळं इटॅलिक त्यात नाही, तुम्ही आय दाबलं की सॉफ्टवेअर त्याला स्वतःच्या अकलेनं अजून वाकवतं आणि अक्षरं वाऱ्यात सापडलेल्या छत्रीसारखी होतात. तसंच बोल्ड पाहिजे तर बोल्डची फाइल टाका, रेग्युलरला जाड करायला भोवती स्ट्रोक, म्हणजे कडेची रेघ, देऊ नका, त्या गोल टोकांची पार वाट लागते. मधोमध ठेवताना पण लक्ष द्या, तिरकेपणामुळे सेंटर केलेला शब्द मला तरी नेहमी एका बाजूला सरकलेला दिसतो, तेव्हा मापावर विसंबू नका, डोळ्यानं बघून सरकवा.

काही जण याला देवनागरीचं कॉमिक सॅन्स म्हणतात. कॉमिक सॅन्स हे इंग्रजी अक्षर १९९४ चं, व्हिन्सेंट कॉनेरनं मायक्रोसॉफ्टसाठी केलेलं, कार्टूनमधल्या बोलण्याच्या फुग्यांवरून सुचलेलं, आणि पुढे लोकांनी ते दवाखान्याच्या सूचनेपासून स्मशानाच्या पाटीपर्यंत सगळीकडे लावलं म्हणून बदनाम झालं. तुलना अर्धी बरोबर आहे. कलमचंही तेच चाललंय, फुकट आहे, मोबाइलवरच्या डिझाइन ॲपमध्ये सहज सापडतो, म्हणून श्रद्धांजलीच्या पोस्टला पण कलम आणि सेलच्या पोस्टला पण कलम. पण अक्षर म्हणून बघितलं तर कलम जास्त नीट काढलेला आहे. वळणं वेडीवाकडी नाहीत, ओळ ओढून धरल्यासारखी चालते, चार पाच ओळींचा मजकूर सुद्धा आरामात वाचता येतो. दोष वापरणाऱ्यांचा आहे, आणि त्यात मी पण आले, ती पत्रिका आठवा.

मग दुसरं काय आहे म्हणाल तर आहेत की. त्याच फाउंड्रीचा तिल्लाना आहे, त्यालाही लिपी रावल आणि पिनहॉर्न यांचाच हात लागलाय, वजनं पाच आहेत आणि जरा नटलेला आहे, नाचतो, शीर्षकाला चांगला. अमिता ब्रशच्या वळणाचा आहे, एदुआर्दो तुन्नीनं केलेला, रेघ जाड बारीक होते त्यामुळे आमंत्रणाच्या शीर्षकाला कलमपेक्षा कितीतरी बरा. यात्रा वन मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलाय, मला मनापासून आवडतो, वडापावच्या गाडीला लावा नाहीतर दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला. आणि मोदक, 'एक टाइप' नावाच्या फाउंड्रीचा, तो तर नावासारखाच टम्म फुगलेला, अक्षरांच्या आत फक्त केसाएवढी फट, लहान मुलांच्या वाढदिवसाला त्याच्यासारखा दुसरा नाही. हे चारही फुकट आहेत.

आणि ज्याला खरंच पैसे आणि वेळ आहे त्यानं अक्षर लिहून घ्यावं. कमल शेडग्यांनी मराठी नाटकांची नावं जन्मभर हातानं काढली, त्या जाहिराती पेपरात बघताना नाटकाचा स्वभाव अक्षरातच कळायचा. २०२० मध्ये ते गेले. आजही हातानं लिहून देणारी मुलं आहेत, बरीच आहेत, इन्स्टावर शोधली की सापडतात, आणि दोन शब्दांचे जे पैसे मागतात ते ऐकून गिऱ्हाईक दचकतं पण माझ्या मते वाजवी असतात.

लायसनचं म्हणाल तर ओपन फॉन्ट लायसन आहे, म्हणजे लेबलवर छापा, पुस्तकात छापा, वेबसाइटवर लावा, विकायच्या वस्तूवर लावा, कुणाला एक रुपया द्यायचा नाही. फक्त फॉन्टची फाइल तेवढी एकटी विकता येत नाही. मावशीनं विचारलंच होतं, "उद्या कुणी येऊन म्हणायचं नाही ना की अक्षर आमचंय म्हणून?" नाही येत कुणी. चोरीच्या फॉन्टची सीडी एकमेकांना देऊन चालवायचे दिवस मी पण बघितलेत, त्यामानानं हे फार निवांत आहे. आणि युनिकोड असल्यामुळे मजकूर व्हॉट्सॅपवरून कॉपी करून सरळ पेस्ट होतो, गिऱ्हाईकानं मोबाइलवर जे टाइप केलं तेच लेबलवर, चुकांसकट.

रोमन अक्षरांबद्दल फार काही बोलण्यासारखं नाही. देवनागरीशी जमतात, उंची बरोबर वाटते, "कैरीचं लोणचं" च्या खाली इंग्रजीत नाव टाकलं तर दोन्ही एकाच पेननं लिहिल्यासारखी दिसतात आणि तेवढं पुरे. नुसतं इंग्रजी काम असेल तर मात्र कलमकडे जायचं काही कारण नाही, तिकडे ढिगानं पडलेत.

मार्क द्यायचेच तर बरणी, चिठ्ठी, फुगा, मेनू यासाठी पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो वजनं तीनच आहेत म्हणून, मधलं एखादं मिडियम असतं तर जीव लावला असता. पाटीला दोन. पत्रिकेला तासगावच्या काकांना विचारा.

मावशीचं यंदाचं लिंबाचं लोणचं आलंय, नवं लेबल करायचंय. "लिंबाचं गोड लोणचं" असं लिहायचं, म्हणजे दोन ल आले, दोन्ही वेगवेगळे काढायला लागणार. परवा फोनवर म्हणाली, "त्याच बाईकडून लिहून घे गं."